आजोबांची तांबडी एमजी हिरवी करू का?

पत्र

नमस्कार. मी फोंड्याचा. आजोबांची १९५७ ची एमजीए, म्हणजे उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आमच्या घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. चालू आहे, पण सणावारीच बाहेर निघते. मूळ रंग तांबडा. आता तो विटलाय, बॉनेटवर पांढरट झाक आलीय, उजव्या दाराच्या खालच्या काठाला फोड आलेत. सगळा रंग काढून गडद हिरवा, म्हणजे ब्रिटिश रेसिंग ग्रीन मारावा असं फार दिवस मनात आहे. बाबा म्हणतात, आजोबांची तांबडी गाडी तांबडीच राहायला हवी. मडगावचे काका तर विषय काढला की उठून जातात. पेंटर म्हणतो, आठ दिवसांत करून देतो, बाहेरून मारू, आत कोण बघतंय? धाकटा भाऊ म्हणतो, रंगच नको, रॅप (रंगीत प्लास्टिकची चिकट फिल्म) लाव. मी चुंबक लावून बघितला तर दोन्ही दारांना आणि बॉनेटला तो चिकटतच नाही, म्हणजे सगळी पुट्टीच भरलेली असणार. मग असला रंग जपायचा कशाला? चासी नंबराच्या पाटीवरचा नंबर एचडीए या अक्षरांनी सुरू होतो, उपयोगी असेल तर म्हणून कळवतो. काय करू?

— स. ना., फोंडा

उत्तर

स. ना., नमस्कार.

शेवटी जाता जाता तुम्ही तो नंबर लिहिलात आणि अख्ख्या पत्रात महत्त्वाचं वाक्य तेच निघालं. एमजीए १५०० च्या (तुमच्या सालचं मॉडेल हेच) चासी नंबरातली पहिली तीन अक्षरं म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. एच म्हणजे एमजी, डी म्हणजे उघडी दोन आसनी, आणि तिसरं अक्षर रंगाचं. तिथं के असतं तर तांबडी. तुमचं ए आहे, आणि ए म्हणजे काळा. (१९५९ मध्ये पुढचं मॉडेल १६०० आलं तेव्हा ही पद्धत बदलली आणि रंगाचं अक्षर गेलं. तुमची गाडी त्याआधीची, हे तुमचं नशीब.) तेव्हा बाबा, काका आणि तुम्ही ज्या ‘मूळ तांबड्या’वरून भांडताय, तो गाडीचा दुसरा रंग आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ती काळी बाहेर पडली.

बाबांना हे एकदम सांगू नका. ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना कळायला लागलं तेव्हा गाडी तांबडी झालेली असणार. घरात आजोबांचा गाडीबरोबरचा फोटो असेलच, पण त्या काळच्या कृष्णधवल फोटोत तांबडाही बऱ्याचदा काळपटच येतो, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

अर्थात नुसत्या पाटीवर विसंबायचं नाही, पाटी दुसऱ्या गाडीचीही असू शकते. आधी तो नंबर आरसीवरच्या चासी नंबराशी जुळवा. मग इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट आहे, त्यांच्याकडे एमजीच्या कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. पैसे भरून अर्ज केला की ते प्रमाणपत्र देतात. गाडी कधी तयार झाली, बाहेरचा रंग कुठला, सीटचा कुठला, कुठल्या देशाला रवाना झाली, असं त्यात येतं. रंगाचं काहीही ठरवण्याआधी हा कागद मागवा. १९६१ पूर्वीच्या गोव्यात परदेशी गाडी आणणं सोपं होतं, खनिजाचा पैसाही खेळू लागला होता, आणि मुंबईला सहजी न दिसणाऱ्या गाड्या पणजी-मडगावच्या रस्त्यांवर दिसत. तुमची गाडी सरळ इकडे आली की मध्ये कुठे फिरून, हेही कदाचित त्यातून कळेल.

कागद येईपर्यंत गाडीलाच विचारा. डॅशबोर्डच्या मागे हात घालून स्पीडोमीटरचा नट सोडवा आणि मीटर हळूच पुढे काढा. त्या गोल भोकाच्या आतल्या कडेला पेंटरचा गन पोचत नाही. तिथं काळा दिसला तर प्रश्न मिटला. दुसरी जागा दाराच्या आतल्या कार्डबोर्डमागची, तिसरी डिकीच्या झाकणाच्या आतली. आणि सगळ्यात बोलकी जागा म्हणजे मडगार्ड आणि बॉडी यांच्या सांध्यातली बारीक पायपिंग. एमजीएची मडगार्डं बोल्टावर बसवलेली असतात आणि सांध्यात बॉडीच्याच रंगाची पायपिंग असते. घाईच्या कामात पेंटर ती काढत नाहीत, तिच्यावरूनच मारतात. नखाने हलकं खरवडा. तांबड्याखाली काय येतं ते बघा आणि फोटो काढून ठेवा. डिकीच्या आत रुपयाएवढ्या जागेवर बारीक वॉटरपेपर पाण्यात भिजवून घासलात तर थरांची वर्तुळं उमटतील: तांबडा, खाली प्रायमर, कदाचित आणखी एखादा तांबडा, मग काळा. प्रायमरही कधी काळा असतो हे ध्यानात असू द्या. पण प्रायमर मॅट दिसतो, रंगाला चकाकी असते, आणि काळ्याखाली पुन्हा प्रायमर सापडला तर तो काळा नक्की रंगच.

आता चुंबक. चुंबक न चिकटणं म्हणजे पुट्टी, हे फियाटला खरं, ॲम्बेसेडरला खरं. एमजीएला नाही. या गाडीची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांचा पत्रा मुळातच ॲल्युमिनियमचा. बाकी बॉडी लोखंडी. तुमच्या चुंबकाने गाडीला नापास केलं नाही, उलट दारं आणि बॉनेट अजून कारखान्याचीच असावीत असं सांगितलं. कुणी नंतर लोखंडी पत्र्याचं दार करून बसवलं असतं तर चुंबक टपकन चिकटला असता! चुंबक फिरवायचा तो मडगार्डांच्या खालच्या भागावर आणि दाराखालच्या सिलवर. तिथं लोखंड आहे, गंज तिथंच धरतो, आणि तिथं चुंबक सैल पडला तर मात्र पुट्टी. जाडी मोजायचं मीटर कुणाकडून आणणार असाल तर ॲल्युमिनियमवर चालणारं आणा. साधं मीटर फक्त लोखंडावर चालतं आणि तुम्हाला पुन्हा घाबरवेल.

उजव्या दाराच्या काठाचे फोड मला जास्त महत्त्वाचे वाटतात. दाराचा ॲल्युमिनियमचा पत्रा आतल्या लोखंडी चौकटीवर दुमडलेला असतो. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, आणि आपली खारी हवा. ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन फुगतं आणि रंगाला वर उचलतं. असं दार नुसतं घासून वर रंग मारलात तर येत्या पावसानंतर फोड पुन्हा त्याच जागी. तो काठ उघडावा लागतो, साफ करावा लागतो, आणि ॲल्युमिनियमवर आधी एच (etch, म्हणजे धातूला चावून धरणारा) प्रायमर किंवा एपॉक्सी प्रायमर लागतो. साधा प्रायमर ॲल्युमिनियमला धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात. तुमच्या पेंटरला एवढंच विचारा: दाराला कुठला प्रायमर मारणार? ‘सगळ्याला एकच’ असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि गाडी परत घरी आणा.

बॉनेटच्या पांढरट झाकेने मात्र घाबरू नका. जुन्या ड्यूकोच्या कामाला वर क्लियर कोट (पारदर्शक थर) नसायचा. उन्हाने वरचा थर मरतो, खालचा जिवंत असतो. एखाद्या कोपऱ्यात रबिंग कंपाउंड हाताने लावून बघा, मशीन नको. फडकं तांबडं होईल, ते व्हायचंच. खाली चकाकी आली तर हा रंग अजून काही वर्षं काढेल. रंग कुठल्या जातीचा हेही कळून घ्या: कापसाला थिनर लावून लपलेल्या जागी मिनिटभर दाबा. रंग विरघळून कापसावर आला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज, म्हणजे जुना ड्यूको), ढिम्म राहिला तर बहुतेक पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा). एनसीवर सरळ पीयू मारलं की जुना थर सुरकुततो, म्हणून ‘घासून वरून मारू’ हा बेत एनसीच्या गाडीवर तसाही फसतो.

आता हिरव्याकडे येतो. तुमच्या उघड्या १५०० च्या रंगांच्या यादीत गडद हिरवा नव्हताच. टायरोलाइट ग्रीन होता, पण तो फिका, निळसर हिरवा. तुमच्या मनातला तो नव्हे. ब्रिटिश रेसिंग ग्रीनची गोष्ट १९०३ ची. गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत त्या वर्षी आयर्लंडमध्ये झाली आणि यजमानांचा मान म्हणून ब्रिटनच्या नेपियर गाड्या हिरव्या रंगवल्या गेल्या. पुढे देशादेशांचे रंग ठरत गेले, इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा. ब्रिटिश हिरवा म्हणून एकच एक छटाही नाही, ज्याने त्याने आपापली मारली. तेव्हा पेंटरच्या कार्डावर ‘बीआरजी’ (ब्रिटिश रेसिंग ग्रीन) लिहिलेला रंग बघून हाच तो अस्सल, असं समजू नका. हा रंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. या गाडीच्या वळणांवर तो देखणाच दिसेल. पण हिरवा निवडलात तर तो तुमचा शौक म्हणून निवडा. ‘ब्रिटिश गाडी, म्हणून ब्रिटिश हिरवा’ या हिशेबाने नको, कारण तो हिशेब या गाडीच्या कारखान्यानेही केला नव्हता.

आणि शौक असेल तर तो पुरा करा. पेंटरचं ‘आत कोण बघतंय’ हे वाक्य एमजीएच्या बाबतीत तर साफ चूक आहे, कारण ही गाडी उघडी. डॅशबोर्ड पत्र्याचा आणि बॉडीच्याच रंगाचा. स्टिअरिंगवर बसलात की समोर तोच. दार उघडलं की चौकट दिसते, बॉनेट उचललं की इंजिनाभोवतीचा पत्रा दिसतो, डिकीत सामान ठेवायला गेलात की आतला पत्रा. बाहेरून हिरवी आणि डॅशबोर्ड तांबडा, ही गाडी तुम्हाला दर वेळी टोचेल. रंग नीट बदलायचा म्हणजे सगळे मीटर, वायरी, स्विच, काच, दिवे, मडगार्डं, इंजिन उतरवायचं. हे आठ दिवसांचं काम नव्हे, काही महिन्यांचं आहे. खर्च डब्यातल्या रंगाचा नसतो, खोलण्या-घासण्या-जोडण्याचा असतो, आणि तो काळा मारा नाहीतर हिरवा मारा, तेवढाच येतो. वायरिंग त्या वेळचं असेल तर खोलताना तुटणार, म्हणजे तेही आलं. सीट तुम्ही लिहिल्या नाहीत, पण त्या तांबड्या असतील तर गडद हिरव्याबरोबर त्याही बदलाव्याशा वाटणार. काळ्या बॉडीत तांबडी सीट ही मात्र कारखान्याचीच जोडी.

तर मी काय करीन? पत्रा शाबूत असेल, म्हणजे सिल आणि मडगार्डांच्या खाली चुंबक घट्ट बसत असेल, तर मी रंग बदलणार नाही. फक्त उजवं दार उतरवून त्याचा काठ दुरुस्त करीन, तेवढंच दार जुन्या तांबड्याशी जुळवून रंगवीन, बाकीच्या गाडीला हाताने पॉलिश. दार बाकी गाडीपेक्षा किंचित वेगळं दिसेल. दिसू दे. तांबडा विटलेला असला तरी तुमच्या घराने ज्याच्याशी संसार केला तो तोच रंग आहे, आणि एकदा खरवडला की तो परत येत नाही. काळा, हिरवा कधीही मारता येईल.

पण सिल कुजलेलं निघालं, मडगार्डं फुटलेली निघाली, तर गोष्ट वेगळी. मग पत्रा उघडा करावाच लागणार, जुना रंग जाणारच, आणि तेव्हा मी काळा मारीन. विकताना प्रमाणपत्राशी जुळणारा रंग गिऱ्हाइकाला पटवावा लागत नाही, हा एक भाग. दुसरा असा की या गाडीची ती लांब, खाली उतरत जाणारी मडगार्डं काळ्यात जशी वळतात तशी कुठल्याच रंगात वळत नाहीत, हे माझं वैयक्तिक मत. एक सावधगिरी मात्र घ्या: काळा रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो. ॲल्युमिनियमचं बॉनेट साठ-सत्तर वर्षांत कुणी कुणी कोपर टेकून, हात दाबून बंद केलेलं असतं. ज्या डेंटरने आधी काळी गाडी केली आहे, आणि ती तुम्हाला दुपारच्या उन्हात दाखवू शकतो, त्यालाच काम द्या. तसा कोणी मिळाला नाही तर ओरिएंट रेड मारा. तोही कारखान्याच्याच यादीतला तांबडा, बाबाही खूश.

काम कुठल्या महिन्यात करायचं, हेही ठरवून ठेवा. पावसाळ्यात हात लावू नका. पत्रा उघडा करून ठेवला आणि रात्रीत सर आली, तर सकाळी त्यावर तांबूस गंज फिरलेला असतो. ओल्या हवेत एनसी मारला की थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पडतो. पीयूखाली ओल अडकली तर महिन्याभराने टाचणीच्या टोकाएवढे फोड. चवथ आटोपली म्हणजे पाऊस आटोपला असं समजू नका, ऑक्टोबरही घामट असतो. दिवाळीनंतर पत्र्याचं काम धरा आणि रंग जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत. पीयूच्या हार्डनरची वाफ छातीला घातक असते, त्यामुळे घरच्या अंगणात ‘मी इथंच मारतो’ म्हणणाऱ्याला मारू देऊ नका. बूथ आणि हवेचा मास्क असलेल्या जागीच ते काम व्हायला हवं.

कागदपत्रांचं आता, कारण तिथं तुमचं घोडं अडायची शक्यता मला दिसते. आरसीवर रंगाची नोंद असते. तिथं काय लिहिलंय ते आधी वाचा. जुन्या नोंदीत अजून ‘काळा’ असेल तर गंमतच, म्हणजे आजवर तुम्ही कागदाने काळी आणि डोळ्यांना तांबडी गाडी चालवताय. रंग बदलायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली वाहतूक खात्याकडे आधी अर्ज, मग रंग, मग गाडी दाखवून आरसीत दुरुस्ती, आणि विमा कंपनीला पत्र. फोंड्याच्याच कार्यालयात विचारा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राची व्हिंटेज नोंदणीही आहे, दहा वर्षांची. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत ही अट, आणि मग गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. सणावारीची फेरीसुद्धा त्यात बसेलच असं नाही, म्हणून घाईने अर्ज करू नका. पण पुढेमागे करायचा विचार असेल तर कामाआधीचे, कामातले, कामानंतरचे फोटो आणि बिलं जपा.

आणि आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे का? पत्रात तुम्ही हे लिहिलं नाहीत, आणि काका उठून का जातात ते मला तिथंच कळल्यासारखं वाटतं. आपल्याकडे वारसाहक्काला गोव्याचा वेगळा कायदा आहे. डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते सांगणारा नोटरीचा दस्त) झालं नसेल, वाटणीची इन्व्हेंटरी (इस्टेट वाटायची कोर्टातली प्रक्रिया) झाली नसेल, तर ती गाडीही इस्टेटीतलीच वस्तू आणि काकांचाही तिच्यात वाटा. तुम्ही रंगाचं विचारताय, त्यांना ते मालकीचं ऐकू येत असेल. आधी सगळ्या वारसांच्या संमतीने आरसी एका नावावर करून घ्या. वाहतूक खातंही मयत माणसाच्या नावावरच्या गाडीचा रंग बदलून देणार नाही. काकांकडे जाताना हिरव्याचं कार्ड नेऊ नका, तो एचडीए लिहिलेल्या पाटीचा फोटो न्या. गाडी आधी काळी होती का हो, असं विचारा. घरात ते सांगू शकेल असं माणूस कदाचित तेच असतील.

भावाच्या रॅपचं: नव्या, कारखान्याच्या रंगावर रॅप ठीक. जुन्या एनसीवर नको. काढताना रंगाचे तुकडे घेऊनच निघतो, फोड आलेल्या दारावर तर नक्कीच. पायपिंगच्या सांध्यात तो नीट बसत नाही आणि कडेने पाणी आत ओढतो. आरसीच्या दृष्टीने तोही रंगबदलच. भावाला त्याच्या स्वतःच्या गाडीवर हौस भागवू द्या.